ट्रकला महागडे शॉकअप टाकावेत का?

लांबपल्ला | ३ मार्च, २१:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, म्हणून धागा काढतोय.

आमची दोन एक्सलची मालवाहू गाडी आहे, मालासकट एकूण वजन १६ टन. पुढे पॅराबोलिक पाटे (थोड्याच, मधे जाड आणि टोकाला पातळ पाट्यांची स्प्रिंग), मागे नेहमीचा जाड पाट्यांचा थर. धाकटा भाऊ चालवतो, हिशेब मी बघतो. खेप लांबची असते, आठ-नऊ तासांची. त्यातला शेवटचा ६० किलोमीटरचा रस्ता पार उखडलेला. जाताना गाडी भरलेली, येताना बहुतेक वेळा रिकामी.

दोन महिन्यांपासून भाऊ म्हणतोय की गाडी तरंगते. खड्ड्यातून गेली की एकदा दबून बसत नाही, दोन-तीनदा डुलते आणि मग सरळ होते. पुढच्या डाव्या टायरवरून तळहात फिरवला तर खळगे लागतात. मिस्त्री म्हणाले, पुढचे दोन्ही शॉकअप बदला. इथवर ठीक. पण दुकानात दोन प्रकार दाखवले: एक नेहमीचा आणि एक मोनोट्यूब, जास्त दाबाच्या गॅसचा. त्याची किंमत तिप्पट. दुकानदाराचं म्हणणं, एकदा टाका आणि विसरून जा.

तिप्पट पैसे घालायची तयारी आहे, पण ते परत कुठून येतात ते मला समजून घ्यायचंय. टायरमधून? पाट्यांमधून? की भावाच्या पाठीतून? ज्यांनी स्वतः वापरलेत त्यांनी कृपया लिहा.

स्टेपनी | ३ मार्च, २२:०५

नका घालू. शॉकअप ही झिजणारी वस्तू आहे, महागडी घेतली तरी झिजणारच. साधे टाका आणि वेळेवर बदला. आमच्या तिन्ही गाड्या अशाच चालतात आणि टायर पूर्ण आयुष्य देतात.

मळलेले_हात | ३ मार्च, २३:३०

लांबपल्ला, साधा की महाग हा प्रश्न दोन दिवस बाजूला ठेवा. आधी दोष शॉकअपचाच आहे का ते बघा. मी गॅरेजमध्ये हेच काम करतो, आणि शॉकअप बदलूनही गाडी तशीच डुलते म्हणून परत आलेल्या गाड्या कितीतरी बघितल्यात.

टायरला खळगे पडण्याची कारणं अनेक. किंगपिन (पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं ती) ढिली असेल, व्हील बेअरिंगला खेळ असेल, चाक बॅलन्स नसेल, तरी टायर असाच खातो. पुढचा एक्सल जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर आधी तो काढा.

मग शॉकअपची परीक्षा, आणि ती हातानेच होते. गाडी त्या उखडलेल्या रस्त्यावरून किमान अर्धा तास चालवून आणा. उतरल्या उतरल्या आधी चासीच्या लोखंडाला हात लावा, म्हणजे साधं तापमान किती ते हाताला कळेल. मग शॉकअपच्या खालच्या नळीला हात लावा. जपून, काही वेळा चांगलाच तापलेला असतो. शॉकअपचं कामच हे आहे: पाट्याची हालचाल तेलातून ढकलायची आणि तिची उष्णता करून हवेत सोडायची. म्हणून चालता शॉकअप कोमट किंवा गरम लागणार. एक गरम आणि त्याच एक्सलवरचा दुसरा चासीइतकाच गार असेल, तर गार असलेला काम करत नाही. सपाट रस्त्यावरून आणून ही परीक्षा करू नका, तिथे दोन्ही गारच लागतील.

गार लागला तरी लगेच फेकू नका. दोन्ही टोकांचे रबरी बुश बघा. बुश खलास असेल तर पाट्याची हालचाल शॉकअपपर्यंत पोचतच नाही, आणि आतून धडधाकट असलेला शॉकअपही गारच राहतो.

तेलाचं म्हणाल तर नळीवर तेलाचा पातळ ओलावा आणि त्यावर बसलेली धूळ हे बहुतेक वेळा नॉर्मल आहे. दांडा आत-बाहेर होताना सीलमधून थोडं तेल बरोबर आणतोच. ओघळ आला, खालच्या टोकाला थेंब लटकला, तर सील गेलं.

लांबपल्ला | ४ मार्च, ०७:१५

मनापासून आभार. शनिवारी गाडी परत येतेय, तेव्हा हे सगळं करून बघतो.

द्रवगती | ४ मार्च, १३:२०

तोवर दोन्ही प्रकारांत फरक काय ते लिहितो, कारण किंमत तिथेच जाते.

साध्या शॉकअपमध्ये दोन नळ्या असतात, एकात एक. आतल्या नळीत पिस्टन चालतो, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि त्याच्या वर हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन. दांडा आत गेला की त्याच्या आकारमानाइतकं तेल तळातल्या व्हॉल्व्हमधून बाहेरच्या नळीत जातं. सोपी आणि टिकाऊ रचना आहे. पण सलग दणके बसले की दोन गोष्टी होतात. तेल तापून पातळ होतं. आणि वरची हवा तेलात मिसळून फेस होतो. फेस व्हॉल्व्हमधून अलगद निघून जातो, त्याला अडवायला व्हॉल्व्हला काही सापडत नाही. अशा वेळी शॉकअप धड असूनही गाडी डुलायला लागते, आणि तासभर थांबून गार झाली की पुन्हा ठीक चालते.

मोनोट्यूबमध्ये नळी एकच. तळाशी तरंगता पिस्टन, त्याच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला २० ते ३० बार (बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब) दाबाचा नायट्रोजन. गॅस आणि तेल यांची गाठच पडत नाही, त्यामुळे फेस होत नाही. शिवाय तेलाची नळी थेट वाऱ्यात असते, उष्णता लवकर निघून जाते. ही कल्पना फ्रेंच अभियंता बूर्सिए द कार्बों यांची. जर्मनीच्या बिल्श्टाइनने ती १९५० च्या दशकात कारखान्यात उतरवली आणि १९५७ पासून मर्सिडीजच्या गाड्यांना असे शॉकअप बसू लागले. म्हणजे दुकानात आज नवीन म्हणून दाखवलं जाणारं तंत्र मुरलेलं आहे.

माझ्या मते महागड्या शॉकअपचा खरा उपयोग कुठे, ते नीट समजून घ्यायला हवं. पहिल्या तासाला चांगला साधा आणि चांगला महाग यांत चालवणाऱ्याला फार फरक जाणवणार नाही. उखडलेल्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या तासाला जाणवेल. तुमच्या खेपेत तो ६० किलोमीटरचा पट्टा नसता, तर मी स्टेपनी यांच्याच बाजूने बोललो असतो.

स्टेपनी | ४ मार्च, १३:५०

हे पटतंय. आमच्या गाड्या सगळ्या चांगल्या रस्त्यावरच्या आहेत, हे मी लिहायला हवं होतं.

खाणवाट | ४ मार्च, २०:४५

दुसरी बाजूही ऐका. मी खाणीत टिपर चालवतो. मालकांनी दोन वर्षांपूर्वी पुढे मोनोट्यूब टाकले. चालवायला खरंच छान, स्टिअरिंगला थरथर नाही, दिवस संपताना हात दुखत नव्हते. तीन महिन्यांत पुढच्या गाडीच्या चाकाखालून दगड उडाला आणि नळीला पोचा आला. सुपारीएवढाच होता. पण मोनोट्यूबमध्ये पिस्टन त्याच नळीच्या आतल्या अंगाला घासत चालतो. पिस्टन पोच्याशी अडला, आणि दोन दिवसांत शॉकअपचा खालचा डोळा (बोल्ट लागतो ती कडी) तुटून बाहेर आला. दुकानाने वॉरंटी नाकारली, बाहेरून मार लागलाय म्हणून. कागदावर त्यांचं बरोबर होतं, पण विकताना खाणीचं काम आहे हे त्यांना माहीत होतं. तेव्हाच एक शब्द बोलायला हवा होता.

साध्या दुहेरी नळीला असा पोचा आला तर आतली नळी शाबूत राहते, काम चालू राहतं. आता आमच्याकडे जाड पत्र्याचे, मोठ्या व्यासाचे दुहेरी नळीचे आहेत, गॅसवाले. खाणीच्या लोकांनी आधी बघावं की शॉकअप चाकांच्या माऱ्यात उघडा आहे की एक्सलच्या आड.

मळलेले_हात | ४ मार्च, २१:३०

खाणवाट यांना पूर्ण अनुमोदन. दांड्यालाही तेवढंच जपावं लागतं. चिखल वाळून दांड्यावर बसला की तोच सील कापतो. ज्यावर धुळीचं कव्हर आहे असाच घ्या, आणि गाडी धुताना तिथे पाणी मारा.

बलूनवाला | ५ मार्च, ०९:१०

आमच्या ट्रेलरला हवेचे बलून आहेत, पाटे नाहीत. तिथे हा प्रश्न वेगळाच होतो. जाड पाट्यांच्या थरात पाटे एकमेकांवर घासतात आणि तेवढ्यानेच बरीच हालचाल मुरते. काही जड गाड्यांच्या मागच्या जोड-एक्सलला म्हणूनच शॉकअप नसतात. पॅराबोलिक पाट्यांत पाटे थोडे आणि घर्षण कमी, तिथे शॉकअप लागतोच. बलूनमध्ये घर्षण जवळजवळ नाहीच, सगळा भार शॉकअपवर.

शिवाय बलूनच्या बहुतेक रचनांत चाक खाली किती लटकावं हे शॉकअपच ठरवतो. आमच्या एका एक्सलचा वरचा बोल्ट निसटला होता, कोणाच्या लक्षात आलं नाही. खोल खड्ड्यात एक्सल जास्त खाली गेला, बलून ताणला गेला आणि बुडाशी फाटला. गाडी रात्रभर रस्त्याच्या कडेला. त्यामुळे आम्ही शॉकअप घेताना पूर्ण उघडल्यावरची लांबी आणि पूर्ण दबल्यावरची लांबी या दोन आकड्यांवर अडून बसतो. मोनोट्यूब की दुहेरी हे त्याच्या नंतर.

द्रवगती | ५ मार्च, १२:४०

बलूनवाला यांच्या मुद्द्याला कायद्याचाही आधार आहे. युरोपीय संघाच्या १९९६ च्या ९६/५३ क्रमांकाच्या निर्देशात कोणतं सस्पेन्शन हवेच्या सस्पेन्शनच्या बरोबरीचं मानायचं याची कसोटी दिली आहे. गाडीचं डुलणं सेकंदाला दोनदापेक्षा जास्त वेगाचं नको. ते मुरवण्याचं प्रमाण क्रांतिक डॅम्पिंगच्या (म्हणजे गाडी एकदाही न डुलता जागेवर येईल इतक्या मुरवण्याच्या) २० टक्क्यांपेक्षा जास्त हवं. आणि शॉकअप काढून टाकले तर हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखाली यायला हवं. म्हणजे निम्मं तरी काम शॉकअपनेच केलं पाहिजे, पाट्यांच्या घर्षणावर भिस्त चालणार नाही. या कसोटीत बसणाऱ्या, इंजिनाचा जोर मिळणाऱ्या एक्सलला तिथे जास्त वजनाची मुभा मिळते, कारण उड्या मारणारं चाक रस्ता फोडतं.

आता रिकाम्या गाडीबद्दल, कारण लांबपल्ला यांची गाडी अर्धा वेळ रिकामी असते. शॉकअपचा जोर ठरलेला असतो, गाडीचं वजन बदलतं. पाटा तोच ठेवून त्यावरचं वजन चौपट केलं, तर त्याच शॉकअपचा प्रभाव निम्मा होतो. म्हणून भरलेल्या गाडीला बेताचा वाटणारा शॉकअप रिकाम्या गाडीला कडक वाटतो. साधा असो की महाग, ठरलेल्या व्हॉल्व्हचा शॉकअप दोन्ही वेळा अचूक असू शकत नाही. हा त्रास मागच्या एक्सलला जास्त, पुढच्याला कमी, कारण इंजिन आणि केबिनचं वजन पुढे कायम असतंच. म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी पुढे घाला.

रात्रपाळी | ५ मार्च, २३:५५

मी स्वतः गाडी चालवते, बारावं वर्ष आहे. लांबपल्ला, तुमच्या पहिल्या लेखनात भावाच्या पाठीचा उल्लेख आहे, आणि पुढे सगळे टायरवर बोलताहेत. म्हणून लिहितेय.

बसलेल्या माणसाच्या शरीराला वर-खाली होणारे हादरे सेकंदाला ४ ते ८ या वेगाचे असले की सर्वांत जास्त बाधतात. मणका आणि पोट याच वेगाला थरारतात. युरोपात २००२ पासून यावर नियम आहे: हादऱ्यांचा जोर आठ तासांच्या सरासरीने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाला की त्या पातळीला मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या वर काम करूच द्यायचं नाही.

माझा अनुभव असा की पुढच्या एक्सलचे शॉकअप नवे टाकल्यावर स्टिअरिंग शांत झालं, पण कंबर तशीच. कारण माझ्या केबिनचे स्वतःचे छोटे शॉकअप होते, केबिन आणि चासीच्या मध्ये, आणि सीटखाली आणखी एक. केबिनचे मागचे दोन्ही गेले होते. गाडी घेतल्यापासून त्यांना कोणी हातच लावला नव्हता. ते बदलले त्या आठवड्यात मी पहिल्यांदा खेप संपवून टेकण न घेता खाली उतरले. एक्सलच्या महागड्या शॉकअपच्या मानाने तो खर्च फारच किरकोळ होता. भावाला विचारा, केबिन मागच्या बाजूला आपटते का? सीट तळाला बसते का? आधी ते बघा. माणूस आहे म्हणून गाडी आहे.

लांबपल्ला | ६ मार्च, ०६:३०

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री फोनवर विचारतो.

ओढगाडी | ६ मार्च, १८:१५

थोडं अवांतर. माझा पिकअप आहे, मागे ट्रॉली ओढतो. ट्रॉली जोडली की मागचा भाग बसतो, म्हणून जादा दाबाचे गॅस शॉकअप घ्यायचा विचार आहे. उंची वाढेल का?

द्रवगती | ६ मार्च, १९:००

नाही वाढणार. दांडा १४ मिलिमीटरचा आणि दाब २५ बार धरला तरी गॅसचा जोर साधारण ३९ किलो येतो. त्याने ट्रॉलीचं ओझं काय उचललं जाणार? वजन पाटा पेलतो, शॉकअप फक्त हालचाल मुरवतो. मागचा भाग बसत असेल तर मदतनीस पाटा घाला किंवा ट्रॉलीतला माल थोडा मागे सरकवून हुकवरचा भार बघा. मात्र फार मागे नको, ट्रॉली झोके घेऊ लागते.

लांबपल्ला | ८ मार्च, २०:२०

परीक्षा झाली. सविस्तर लिहितो.

जॅकवर घेऊन चाक हलवलं, किंगपिन आणि बेअरिंग ठीक. मग उखडलेल्या पट्ट्यावरून चाळीस मिनिटं गाडी फिरवली. उजवा शॉकअप चांगला गरम, हात चार-पाच सेकंदांवर ठेवता येईना. डावा चासीइतकाच गार. खाली शिरून टॉर्चने बघितलं तर डाव्याचा खालचा बुश उरलाच नव्हता. रबराचा चुरा झालेला, आणि त्यातली लोखंडी बाही पिनवर लंबगोल झिजलेली. हाताने शॉकअप खाली-वर केला तर बोटभर मोकळा खेळ. म्हणजे इतके महिने तो नुसता लटकत होता.

शॉकअप काढून उभा धरला आणि दांडा दाबला. पहिला तिसरा भाग काहीच न लागता आत गेला, पुढे कुठे तेल लागलं. उजव्याचा ओघळ बुडापर्यंत आलेला. तो गरम होता, म्हणजे काम करत होता, पण फार दिवसांचा सोबती नव्हता.

ताई, केबिनचंही तुम्ही म्हणालात तेच निघालं. भाऊ म्हणाला, "मागे आपटते, पण मला वाटलं असंच असतं." त्याने हे आजवर सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

मळलेले_हात | ८ मार्च, २१:४५

आता खुशाल घ्या. तुमच्या रस्त्याला पुढे मोनोट्यूब शोभेल, मागे साधेच ठेवा. पण पिन झिजली असेल तर तीही बदला, नाहीतर नवा बुश महिन्याभरात जाईल. दोन्ही बाजू एकदमच बदला.

बसवताना एक गोष्ट मिस्त्रींच्या डोक्यावर उभं राहून करून घ्या. टोकांचे बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे. गाडी जॅकवरून उतरवायची, चाकांवर पूर्ण वजन येऊ द्यायचं आणि मगच कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळायचे. चाक लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मागे दुहेरी नळीचे नवे टाकाल तेव्हा ते उभे धरून चार-पाचदा पूर्ण उघडा-दाबा, आडवे ठेवल्यामुळे आतल्या नळीत शिरलेली हवा निघून जाते.

जुने शॉकअप भंगारात देताना कापू नका, तापवू नका. आत दाबाचा गॅस असतो.

स्टेपनी | ८ मार्च, २२:१०

एक विनंती. नवे टाकल्यावर टायरची नक्षी मोजून ठेवा आणि इथे लिहा. आमच्यासारख्यांना निर्णय घ्यायला आकडे लागतात.

लांबपल्ला | १९ जुलै, २१:०५

स्टेपनी यांना दिलेला शब्द पाळतोय, थोडा उशीर झाला.

मार्चमध्ये पुढे मोनोट्यूब, नव्या पिना, नवे बुश, केबिनचे मागचे दोन शॉकअप आणि पुढे दोन नवे टायर टाकले. प्रत्येक टायरच्या कडेला खडूने समान अंतरावर आठ खुणा केल्या आणि बाहेरच्या खाचेची खोली आठही जागी मोजून वहीत लिहिली. दर महिन्याला त्याच जागी मोजतो. जुन्या डाव्या टायरवर खळग्यातली आणि उंचवट्यावरची खोली यांत ४ मिलिमीटरचा फरक होता. नव्यावर चार महिन्यांनंतर आठ जागांतला सर्वांत मोठा फरक अर्धा मिलिमीटर आहे, दोन्ही बाजूंना.

हे सगळं मोनोट्यूबचं श्रेय म्हणता येणार नाही, हे मी जाणतो. नवा बुश आणि साधा शॉकअप टाकला असता तरी टायरचं बरंचसं भलं झालं असतं. पण मेमध्ये भावासोबत मी पूर्ण खेप केली. आठव्या तासाला तो उखडलेला पट्टा लागला. मी मुद्दाम तो संपेपर्यंत खड्ड्यानंतरच्या उड्या मोजत होतो. सुरुवातीलाही एकच, शेवटीही एकच. उतरून दोन्ही शॉकअपना हात लावला, दोन्ही सारखेच गरम.

मागचे साधे अजून चांगले आहेत, त्यांना हात लावलेला नाही.

रात्रपाळी | १९ जुलै, २३:४०

भावाची पाठ कशी आहे?

लांबपल्ला | २० जुलै, ०६:५०

बरी आहे, ताई. सकाळी उठल्यावर अजून थोडी धरते, पण खेपेनंतरची गोळी बंद झाली. सीटखालचा शॉकअप राहिलाय, तो या रविवारी बदलतोय.